भूमितीच्या तासाचे जुने प्रश्न

फळ्यावर एक त्रिकोण काढलेला असतो. त्याच्या शिरोबिंदूंना अ, ब, क अशी नावे दिलेली असतात. शेजारी पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता असे चार शब्द एकाखाली एक उतरू लागतात. इतक्यात मागच्या बाकावरून एक हात वर होतो. "गुरुजी, हे तर नुसते पाहूनच कळते आहे. मग ते सिद्ध कशाला करायचे?" वर्गात हशा पिकतो. "परीक्षेला विचारतात म्हणून," एवढे उत्तर मिळते. हात खाली येतो आणि तास पुढे सरकतो.

हा प्रसंग कोणा एका शाळेचा नव्हे. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा मडगाव, गाव कोणतेही असो, भूमितीच्या तासाला तो घडत आला आहे. आणि प्रश्नही ठरलेलेच आहेत. ह्या विषयाचा उपयोग काय? जे डोळ्यांना दिसते ते सिद्ध कशाला करावयाचे? गृहीतके कोणी ठरविली आणि ती का मानावयाची? चौरस हा आयत कसा? कोनाचे दोन भाग होतात, मग तीन का होत नाहीत? बावीस सप्तमांश खरे, की ३.१४ खरे?

असे प्रश्न विचारणारा मुलगा आळशी किंवा उद्धट समजला जातो. अभ्यास टाळण्यासाठी तो वेळ काढीत आहे, अशी शिक्षकांची समजूत होते, आणि ती कधी कधी खरीही असते. परंतु भूमितीचा इतिहास उघडून पाहिला म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. ह्यांतील बहुतेक प्रश्न पूर्वी विचारले गेले आहेत, ते विचारणाऱ्यांत त्या त्या काळचे मोठे विचारवंत होते, आणि त्यांतील काहींचे उत्तर सापडावयास दोन हजार वर्षे लागली. तेव्हा तो हात खाली आला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. एका जुन्या आणि थोर संभाषणातून एक मुलगा बाहेर काढला गेला, इतकेच.

पहिला प्रश्न उपयोगाचा. तो खुद्द युक्लिडलाही चुकला नाही. युक्लिड हा इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत भूमिती शिकवीत असे. एका विद्यार्थ्याने पहिलेच प्रमेय शिकल्यावर त्याला विचारले, की हे शिकून आपल्याला काय मिळणार? युक्लिडने नोकराला हाक मारली आणि सांगितले, की ह्याला तीन नाणी देऊन टाक, कारण शिकलेल्या प्रत्येक गोष्टीतून ह्याला प्राप्ती व्हावयास हवी आहे. ही आख्यायिका पुढे अनेक शतकांनी लिहिली गेली. तिची खातरी देता येत नाही. पण शिक्षकवर्गाला ती फार आवडत आली आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड मात्र तिने बंद होते, समाधान होत नाही.

खरे पाहता त्या विद्यार्थ्याला सरळ उत्तर देता आले असते, आणि तेही त्याच देशातले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस ह्याने लिहून ठेवले आहे, की नाईल नदीच्या पुराने ज्याची जमीन वाहून जाई तो राजाकडे दाद मागे. मग राजाची माणसे जाऊन किती जमीन गेली ते मोजीत, आणि तेवढ्या प्रमाणात सारा कमी होई. हिरोडोटसच्या मते भूमितीचा जन्म ह्या मोजणीत झाला. 'भूमिती' हा आपला शब्दही तेच सांगतो. आपल्याकडे वेदकालीन यज्ञवेदी बांधणाऱ्यांनी दोरीने क्षेत्रे आखण्याचे नियम शुल्बसूत्रांत नोंदविले; 'शुल्ब' म्हणजे दोरी. ससाण्याच्या आकाराची वेदी आणि चौरस वेदी ह्यांचे क्षेत्रफळ सारखे ठेवावयाचे, तर भूमितीवाचून गत्यंतर नव्हते. एकीकडे सारा, दुसरीकडे यज्ञ. दोन्हीही कामे अशी होती, की त्यांत चूक झाली तर कोणाचे तरी नुकसान ठरलेले.

अर्वाचीन काळातील उत्तर तर अधिक जवळचे आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन ह्या अधिकाऱ्याने मद्रासजवळ साडेसात मैल लांबीची एक सरळ रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली, आणि तेथून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली. तिची युक्ती शाळेतल्या भूमितीचीच होती. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू न मोजताच कळतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करावयाचे, आणि असे त्रिकोणाला त्रिकोण जोडीत डोंगर, नद्या व अरण्ये ओलांडावयाची. निजामाच्या मुलखातून ही त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकली. तिच्यामागोमाग चाललेल्या लॅम्ब्टनला १८२३ साली वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे मृत्यू आला. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने ते काम माळव्यातून पुढे नेले. अखेर ह्याच पद्धतीने, नेपाळात पाऊलही न ठेवता, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून एका शिखराकडे दुर्बिणी रोखून त्याची उंची काढण्यात आली. १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. माणसाने त्या शिखरावर पाय ठेवला तो १९५३ साली. २०२० साली नव्या साधनांनी ठरविलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. म्हणजे दोन्ही आकड्यांत फरक पडला तो तीसएक फुटांचा. ज्या नियमाचा उपयोग काय म्हणून मुलगा विचारतो, त्या नियमाने शिखर चढण्यापूर्वी शतकभर आधी ते मोजले होते.

दुसरा प्रश्न ह्याहून खोल आहे. जे दिसते ते सिद्ध कशाला करावयाचे? युक्लिडने आपल्या पहिल्या पुस्तकातील विसाव्या प्रमेयात सिद्ध केले आहे, की त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते. ह्यावर एपिक्यूरसच्या पंथातील लोक हसत. ते म्हणत, की हे तर गाढवालाही कळते. एका टोकाला गाढव आणि दुसऱ्या टोकाला गवत ठेवा, ते सरळ एका बाजूने जाईल, दोन बाजूंनी वळसा घालून जाणार नाही. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस ह्याने हा आक्षेप नोंदवून त्याला उत्तर दिले आहे. त्याचे म्हणणे असे, की अग्नीने ऊब येते हे सर्वांना जाणवते; पण ती कशी येते हे सांगणे शास्त्राचे काम आहे. गाढवाला रस्ता कळतो, कारण कळत नाही.

हीच गोष्ट भास्कराचार्यांच्या हातून कशी मांडली गेली ते पाहण्यासारखे आहे. ११५० सालच्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त त्यांनी क्षेत्रव्यवहाराच्या प्रकरणात सांगितले, की ज्या आकृतीत एका बाजूपेक्षा इतर बाजूंची बेरीज कमी किंवा तिच्याएवढी असेल ती आकृतीच नव्हे. एखादा धीट मनुष्य तसे क्षेत्र सांगेलही. म्हणून त्यांनी उदाहरणे दिली. चौकोनाच्या बाजू ३, ६, २ आणि १२, त्रिकोणाच्या बाजू ३, ६ आणि ९. असे क्षेत्र का संभवत नाही? भास्कराचार्य सांगतात, की त्या त्या लांबीच्या सरळ काड्या घ्या आणि जमिनीवर मांडून दाखवा. ३ आणि ६ लांबीच्या काड्या ९ लांबीच्या काडीवर सपाट पडून राहतात, त्रिकोण उभाच राहत नाही.

ग्रीकाने गाढवाला उत्तर देण्यासाठी तर्काची साखळी ओवली. भारतीय गणितज्ञाने काड्या हाती दिल्या. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक होती, की नुसते वाटणे आणि खरे असणे ह्यांत अंतर आहे. ते अंतर प्रसंगी किती महाग पडते, ह्याचेही उदाहरण इतिहासात आहे. ईजिप्तमधील एड्फू येथील देवळाच्या भिंतींवर देवस्थानच्या जमिनींची मापे कोरलेली आहेत. तेथे चौकोनी शेताचे क्षेत्रफळ काढण्याची रीत अशी दिसते: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यावी आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावा. ही रीत डोळ्यांना पटते. आयतापुरती ती बरोबरही आहे. परंतु शेत जरा तिरपे झाले, की ती नेहमी खऱ्यापेक्षा जास्त क्षेत्रफळ दाखविते. कधीही कमी दाखवीत नाही. सारा क्षेत्रफळावर बसत असेल, तर ही चूक कोणाच्या खिशातून भरून निघणार हे सांगावयास नको. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली हीच रीत दिली. मात्र ती 'स्थूल' आहे असे बजावून, आणि तिच्या शेजारी सूक्ष्म रीत देऊन. ती सूक्ष्म रीतही ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात त्याच्यापुरतीच खरी ठरते.

भास्कराचार्यांनी पुढची पायरी गाठली. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारताच येत नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. एखादा कर्ण किंवा लंब तरी दिला पाहिजे. तो न देता असा प्रश्न करणारा त्यांच्या मते पिशाच होय, आणि त्याचे उत्तर देऊ पाहणारा त्याहून मोठा पिशाच! रागामागचे कारण त्यांच्याच उदाहरणात आहे. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्यावा. तो चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५ येते. कर्ण ३० आणि ४० असतील तर ते ६०० होते. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ते ३३६ वर उतरते. बाजू त्याच, कुंपण तेवढेच, आणि शेत जवळजवळ निम्मे! एड्फूच्या रीतीने मात्र तिन्ही शेतांचे माप ६२५ हेच लिहिले गेले असते.

पुन्हा काड्यांकडे वळले म्हणजे ह्यामागचे मर्म उघड होते. चार काड्या टोकांना सुतळीने बांधल्या तर तो सांगाडा हाताच्या एका दाबाने कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, हेच शाळेत 'बाबाबा' कसोटी म्हणून घोकले जाते. छपराच्या कैच्या, लोखंडी पुलांचे सांगाडे आणि विजेच्या तारांचे उंच मनोरे त्रिकोणांनी भरलेले असतात ते ह्याच कारणाने. आणि लॅम्ब्टनने देश मोजण्यासाठी त्रिकोण निवडला, चौकोन निवडला नाही, त्याच्या मुळाशीही हेच आहे. 'हे तर दिसतेच आहे' म्हणून ज्या प्रमेयाला हसावयाचे, त्याच्या शेजारीच जे दिसते पण खरे नसते असे काहीतरी दबा धरून बसलेले असते. सिद्धता ही त्या दोहोंमधली भिंत आहे. मुलाला ती चुकीची रीत एकदा वापरू द्यावी आणि ६२५ च्या जागी ३३६ पाहू द्यावे. पुन्हा तो प्रश्न त्याच सुरात विचारणार नाही.

तिसरा प्रश्न गृहीतकांचा. इंग्लंडात बर्ट्रांड रसेल ह्या मुलाने अकराव्या वर्षी आपल्या थोरल्या भावाकडे युक्लिड शिकावयास सुरुवात केली. युक्लिड सर्व गोष्टी सिद्ध करतो असे त्याने ऐकले होते. प्रारंभीच काही गोष्टी सिद्धतेवाचून मानावयाच्या आहेत असे कळताच त्याची फार निराशा झाली, आणि कारण कळल्याशिवाय त्या मानण्याचे त्याने नाकारले. भावाने सांगितले, की त्या मानल्या नाहीत तर पुढे जाता येणार नाही. रसेलला पुढे जावयाचे होते, म्हणून त्याने तात्पुरते मानले. शंका मात्र सोडली नाही. हाच मुलगा पुढे गणिताच्या पायाचा विचार करणारा विसाव्या शतकातील एक अग्रगण्य तत्त्वज्ञ झाला.

ही शंका त्याच्या आधी दोन हजार वर्षे चालत आली होती. युक्लिडच्या पाच गृहीतकांपैकी पहिली चार लहान आणि सोपी आहेत. पाचवे लांबलचक आहे. शाळेत ते साधारणतः असे शिकवितात: रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. हे गृहीतक कशाला, इतरांवरून ते सिद्ध होणार नाही काय, असा प्रश्न ग्रीकांना पडला, अरबांना पडला. तेराव्या शतकातील इराणी पंडित नसीरुद्दीन तूसी ह्यानेही ते सिद्ध करून पाहिले. त्यानेच युक्लिडच्या ग्रंथाची अरबी आवृत्ती सिद्ध केली, आणि तिच्या आधारे अठराव्या शतकात जगन्नाथ सम्राट ह्या पंडिताने सवाई जयसिंहासाठी 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ रचला. युक्लिडची पंधरा पुस्तके अशा रीतीने ग्रीक, अरबी आणि संस्कृत असा प्रवास करून ह्या देशात उतरली. मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १९०१-०२ मध्ये त्या ग्रंथाचे दोन भाग छापलेही गेले. ज्या जयसिंहासाठी हे काम झाले त्यानेच उज्जैनची वेधशाळा बांधविली, आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी शाळांतून उज्जैनच्या सहलीला जाणारी मुले त्या यंत्रांच्या भिंतींवर जी वर्तुळे आणि अंश पाहत आली, ती ह्याच विद्येची आहेत.

पाचव्या गृहीतकाची सिद्धता मात्र कोणालाच साधली नाही. हंगेरीतील फार्कश बोयाय ह्याने तिच्यात आपली उमेदीची वर्षे घालविली, आणि ह्या समांतर रेषांच्या नादी लागू नकोस म्हणून आपल्या मुलाला कळकळीने विनविले. मुलाने ऐकले नाही. यानोश बोयायने १८३२ साली दाखवून दिले, की ते गृहीतक बदलून, एका बिंदूतून अनेक समांतर रेषा निघतात असे मानले, तरीही विसंगती न येता एक निराळी भूमिती उभी राहते. रशियात लोबाचेव्हस्कीने तीच गोष्ट १८२९ साली प्रसिद्ध केली होती. त्या भूमितीत त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरते. उलट गोलाच्या पृष्ठभागावर ती अधिक भरते. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर बोट ठेवून हे पाहता येते: उत्तर ध्रुवावरून एका रेखावृत्ताने विषुववृत्तावर उतरावे, विषुववृत्ताचा चौथा हिस्सा चालावे आणि दुसऱ्या रेखावृत्ताने ध्रुवावर परतावे. तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७० अंश. १८५४ मध्ये रीमानने अशा वक्र अवकाशांचा सर्वसाधारण विचार मांडला, आणि १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत रचला तो त्याच पायावर. 'गृहीतक का मानायचे?' ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आज असे आहे, की ते मानलेच पाहिजे असे नाही. पण जे मानाल त्याचे परिणाम शेवटपर्यंत भोगावे लागतील. मुलाला हे उत्तर कळते. खेळाचे नियम आधी ठरतात आणि मग खेळ सुरू होतो, हे त्याला मैदानावर ठाऊक झालेलेच असते.

पट्टी आणि कंपासने कोनाचे तीन समान भाग का करता येत नाहीत, हा प्रश्नही नियमांचाच आहे. येथील पट्टी म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा नसलेली पट्टी. खुणांची परवानगी असेल तर तीन भाग करता येतात; आर्किमिडीजच्या नावावर असलेली रीत पट्टीवरील दोनच खुणांनी हे काम करते. नुसत्या सरळ कडेने आणि कंपासने मात्र ते साधेना. ९० अंशांचा कोन सहज विभागतो, ६० अंशांचा अडून बसतो. प्रयत्न करणाऱ्यांच्या कागदांचा इतका पूर आला, की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली असल्या सिद्धता ह्यापुढे तपासणार नाही असा ठराव केला. १८३७ मध्ये पिएर वॉंझेल ह्या विशीतल्या फ्रेंच तरुणाने उलगडा केला. पट्टी आणि कंपासने वर्गमुळे काढता येतात; कोनाचे तीन भाग करण्यासाठी सर्वसाधारणपणे घनसमीकरण सोडवावे लागते; म्हणून ते अशक्य. अजून कोणाला जमलेले नाही असे नव्हे, तर कधीच कोणाला जमणार नाही हे सिद्ध झाले. 'जमत नाही' आणि 'जमणे शक्य नाही' ह्यांतील भेद शिकविणारे ह्याहून चांगले उदाहरण शाळेच्या अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल.

बावीस सप्तमांशाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या आकृत्या वर्तुळाच्या आत आणि बाहेर कल्पून दाखविले, की परिघ आणि व्यास ह्यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १ सप्तमांशाहून किंचित कमी आहे. आर्यभटाने ४९९ साली २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला, आणि तो 'आसन्न' म्हणजे जवळपासचा आहे असेही सांगितले. 'लीलावती'त सूक्ष्म कामासाठी ३९२७ भागिले १२५० आणि व्यवहारासाठी २२ भागिले ७ अशी दोन्ही मूल्ये दिली आहेत. हे गुणोत्तर कोणत्याच अपूर्णांकात नेमके मांडता येत नाही, हे लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. तेव्हा २२/७ आणि ३.१४ ही दोन्ही सोयीची मूल्ये होत. एक मीटर व्यासाच्या चाकाला धाव बसविणाऱ्या लोहाराचा २२/७ धरून परिघात सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि त्याचे काही अडत नाही. वेधशाळेचे अडते. किती सूक्ष्म हवे ते काम ठरविते.

इतकी सरळ आणि रसाळ उत्तरे असताना शाळेत ती का दिली जात नसत? ह्याचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालील शाळांत युक्लिडचे पुस्तक हाच भूमितीचा विषय होता. प्रमेयांचा क्रम तोच, शब्द तेच, आकृतीवरची अक्षरेही तीच. मुले प्रमेये स्तोत्रांप्रमाणे पाठ करीत. परीक्षकाने अ, ब, क च्या जागी प, फ, म लिहिले, की भल्याभल्यांची गाडी अडे. इंग्लंडात १८७१ साली भूमितीच्या शिक्षणात सुधारणा घडवून आणण्यासाठी शिक्षकांनी एक संस्थाच काढली. १९०१ साली जॉन पेरी ह्या अभियंत्याने ग्लासगोच्या विज्ञानपरिषदेत ह्या घोकंपट्टीवर कडाडून हल्ला चढविला, आणि मुलांना आधी मोजू द्या, कापू द्या, आखू द्या, असा आग्रह धरला. १९०३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने युक्लिडच्या क्रमाची सक्ती उठविली. तेव्हापासून मोजण्या-कापण्याची भूमिती आणि सिद्धतेची भूमिती ह्यांच्यामध्ये पाठ्यपुस्तकांचा लंबक हेलकावे घेत आला आहे.

ह्या वादावर सर्वांत उपयुक्त प्रकाश टाकला तो हॉलंडमधील एका शिक्षक दांपत्याने. पिएर आणि दिना व्हॅन हील ह्यांनी आपल्या वर्गांतील अनुभवांवर आधारलेले प्रबंध १९५७ साली सादर केले. त्यांचे म्हणणे असे, की मूल भूमिती पायरीपायरीने शिकते. पहिल्या पायरीवर ते आकृती नुसती तोंडवळ्याने ओळखते. चौरस कोपऱ्यावर उभा केला, की ते म्हणते, 'हा चौरस नाही, हे शंकरपाळे आहे.' पुढच्या पायरीवर त्याला गुणधर्म दिसू लागतात: चार बाजू सारख्या, चार कोन काटकोन. त्याच्याही पुढे ते गुणधर्मांचा परस्परसंबंध लावते, आणि तेव्हाच 'प्रत्येक चौरस हा आयत असतो' हे वाक्य त्याला अर्थपूर्ण वाटते. सिद्धतेची पायरी ह्यानंतरची. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाशी शिक्षक चौथ्या पायरीवरून बोलू लागला, तर शब्द मराठी असूनही भाषा परकी होते. मग मूल पाठ करते. दुसरे ते करणार तरी काय?

ह्यावरचा तोडगा फार जुना आहे. प्लेटोच्या 'मेनो' ह्या संवादात सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला विचारतो, की दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट चौरस करावयाचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा छातीठोकपणे सांगतो, चार फूट. आकृती काढल्यावर क्षेत्रफळ आठाऐवजी सोळा भरते. मग तो तीन म्हणतो, नऊ भरते. शेवटी तो कबूल करतो, की आपल्याला ठाऊक नाही. सॉक्रेटिस त्याला रागे भरत नाही. हा मुलगा आता पहिल्यापेक्षा पुढे आला आहे, असे तो म्हणतो. कारण आधी त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. आणखी काही प्रश्नांनंतर मुलगा स्वतःच कर्णावर बोट ठेवतो: कर्णावर काढलेला चौरस दुप्पट असतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात नेमके हेच सांगितले आहे, आणि तो कर्ण किती लांब हे सांगणारी रीतही तेथे आहे. तिने येणारे मूल्य ५७७ भागिले ४०८ म्हणजे १.४१४२ इतके, चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे.

चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. तेथील देवळात १२०७ सालचा एक शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, आणि स्थानिक राजाने त्याला उत्पन्न नेमून दिले, असे त्यात नोंदलेले आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात आहे. दानाचा तपशील देणारा भाग मात्र त्या काळच्या मराठीत आहे. त्या मठात 'लीलावती' शिकविली गेली असेल, तर ३, ६ आणि ९ लांबीच्या काड्या तेथील जमिनीवर मांडल्या गेल्या असतील, आणि त्रिकोण का उभा राहत नाही म्हणून कोणा मुलाने विचारलेही असेल. काड्या आजही तितक्याच स्वस्त आहेत. भूमितीच्या तासाला मागच्या बाकावरून हात वर झाला, तर त्या काढून मांडावयास पाच मिनिटे पुरतात.